फॉरमॅट मारण्याआधी

कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज २०१७ च्या जुलैत सुरू झाले, तेव्हा तासगाव तालुक्यातल्या सेवा केंद्रांपुढे शटर उघडण्याआधीच रांगा लागत. पुढे पीकविम्याची मुदत जवळ आली की दरवर्षी तेच. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले, तेव्हा त्याच बाकड्यांवर बायका लेकरांना मांडीवर घेऊन बसल्या. या रांगांत एक वाक्य कायम कानावर पडतं : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. पण मधेच लाइट जाते, पाच मिनिटांनी परत येते आणि त्यानंतर जो वेळ जातो, त्याचा मुंबईतल्या कुठल्याही सर्व्हरशी संबंध नसतो.

‘दादा, सर्व्हर गेला का परत?’

‘नाही काका, मशीन चालू होतंय अजून.’

हे ‘चालू होतंय अजून’ चार-चार, पाच-पाच मिनिटं चालतं. सेवा केंद्रातच नाही, बेदाण्याच्या अडत दुकानात, पतसंस्थेच्या काउंटरवर, कृषी सेवा केंद्रात, शाळेच्या कार्यालयातही. तासगावच्या शेतीत संगणक तसा लवकर शिरला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक बागेची नोंद ठेवणारी, अपेडा या शेतमाल-निर्यात प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ ही ऑनलाइन व्यवस्था २००६ मध्ये आली. म्हणजे कंटेनर रॉटरडॅमला पोचण्याआधी मणेराजुरी-सावळजच्या प्लॉटची नोंद कुठल्यातरी पडद्यावर उमटलेली असायची. तेव्हापासून संगणक वाढले. पण घेतलेला संगणक पंखा किंवा शिलाई मशीनसारखा बंद पडेपर्यंत वापरायचा हा आपला रिवाज. त्यामुळे आठ-दहा वर्षांची, फिरत्या हार्ड डिस्कची, चार जीबी मेमरीची मशीनं आजही रोजच्या कामाला जुंपलेली दिसतात.

आणि या सगळ्यांवर बाजारात एकच औषध मिळतं : ‘फॉरमॅट मारून घ्या.’

फॉरमॅट मारल्यावर मशीन पळतं हे खरं आहे, म्हणूनच हा समज टिकून आहे. विंडोज नव्याने टाकली की तिच्या फायली डिस्कवर शेजारीशेजारी, ओळीने बसतात. सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम जवळपास नसतातच. मग प्रिंटर टाकला जातो, अंगठ्याच्या मशीनची सर्व्हिस टाकली जाते, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, टॅली, अँटिव्हायरस, दूरवरून मशीन हाताळायचा एखादा प्रोग्रॅम, आणि दोन-तीन महिन्यांत गाडी मूळपदावर येते. डिस्कच दुखणाईत असेल तर तेवढेही दिवस लागत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की वेळ कुठे जातो ते बघितल्याशिवाय मशीनला हात लावू नये. हे बघायला फार शिकावं लागत नाही. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं.

बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत किती वेळ गेला, चिन्हापासून पासवर्डची चौकट येईपर्यंत किती, आणि पासवर्ड टाकल्यापासून काम करण्याजोगं होईपर्यंत किती, हे तीन आकडे कागदावर लिहायचे. तिन्ही टप्प्यांवर काम करणारी यंत्रणा वेगळी, म्हणून दुखणंही वेगळं.

पहिल्या टप्प्यात विंडोज कुठेच नसते. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बसवलेला छोटा प्रोग्रॅम, जुन्या मशीनमध्ये बायोस आणि नव्यात यूईएफआय, आधी मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क कोणती कोणती आहे याची तपासणी करतो. मग ठरवून दिलेल्या क्रमाने विंडोज शोधायला लागतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून हा शिरस्ता चालत आला आहे. धडधाकट मशीनमध्ये हे सगळं पाच-दहा सेकंदांत उरकतं. इथेच मिनिट जात असेल, तर विंडोज दहा वेळा नव्याने टाकली तरी एक सेकंद वाचणार नाही. तरीही अशा मशीनला फॉरमॅट मारला जातो!

पहिल्या टप्प्यातला आमच्या भागातला नेहमीचा गुन्हेगार रुपयाच्या नाण्याएवढाच आहे. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो. मशीनचा प्लग काढला तरी घड्याळ चालू ठेवायचं काम तो करतो, आणि जुन्या मशीनमध्ये बायोसच्या सेटिंगची आठवणही त्याच्याच जोरावर राहते. भिंतीतला वीजपुरवठा चालू असला की या सेलवर भार जवळजवळ येत नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना बोर्डाचा मेन स्विच पाडायची सवय असलेल्या ठिकाणी तो रात्रभर एकटा राबतो आणि लवकर संपतो. संपला की सकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एफ-१ दाबायची सूचना येते, तारीख मागे कुठेतरी १ जानेवारी २००९ वगैरे दिसते आणि ठरवून दिलेला क्रम विस्कटतो. कधी कधी मशीन आधी नेटवर्कवरून सुरू व्हायचा प्रयत्न करतं. पडद्यावर ‘पीएक्सई’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ येते, पुढे काही फिरत राहतं किंवा टिंबं उमटत राहतात. मशीन त्या नेटवर्ककडून उत्तराची वाट बघत असतं, उत्तर द्यायला तिकडे कुणी नसतं. थकून ते डिस्ककडे वळतं, तोवर अर्धं-पाऊण मिनिट गेलेलं असतं.

याच सेलपायी आणखी एक गंमत होते, आणि ती सेवा केंद्राला फार महागात पडते. विंडोज सुरू झाली, पण सातबाऱ्याची साइट उघडेना, बँकेची उघडेना, ब्राउझर म्हणतो जोडणी सुरक्षित नाही. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि मशीनच्या घड्याळात २००९ साल असेल तर त्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. मग पुन्हा ‘सर्व्हर डाऊन’. वास्तविक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघितली असती तरी उलगडा झाला असता. घड्याळाच्या दुकानात मिळणारा हा सेल बदलायला पाच मिनिटं लागतात. बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख, वेळ आणि पहिला क्रम डिस्कला, एवढं लावून घ्यायचं. डिस्कच्या जोडणीचा प्रकार मात्र आधी होता तोच ठेवायला हवा. एएचसीआय असलेलं आयडीई झालं तर विंडोज निळा पडदा दाखवून बसून राहते आणि पुन्हा कुणीतरी फॉरमॅटचा सल्ला देतो.

लावून ठेवलेला पेनड्राइव्ह, बिघडलेला डीव्हीडी ड्राइव्ह, नीट न बसलेली रॅम यांनीही हा टप्पा लांबतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून परत बसवायची आपल्या मेकॅनिकांची रीत अडाणी वाटते, पण ती लागू पडते. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या शेडला लागून कार्यालय असेल, तर आतल्या तांब्या-चांदीच्या जोडण्या लवकर काळवंडतात हेही ध्यानात ठेवावं. नव्या यूईएफआय मशीनमध्ये विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (तो कसा उघडायचा ते पुढे येईल) ‘स्टार्टअप’ पानावर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ म्हणून सेकंदांचा आकडाच दिलेला असतो, तिथे स्टॉपवॉचचीही गरज नाही.

आता दुसरा टप्पा. जुन्या मशीनचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो का जातो हे समजून घेण्यासारखं आहे.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक दांडा पुढे-मागे सरकत मजकूर वाचतो. स्वस्त डिस्क आणि लॅपटॉपच्या डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा असलेला मजकूर दांड्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. त्याआधी दांड्याला योग्य वर्तुळावर जाऊन थांबायला दहा-बारा मिलिसेकंद. बेरीज केली तर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाऊन वाचायला साधारण १६ मिलिसेकंद झाले. सेकंदाला अशा साठेक खेपा. प्रत्येक खेपेत चार केबीचा तुकडा उचलला, तर सेकंदाला अडीचशे केबीसुद्धा हाती पडत नाहीत. आणि हीच डिस्क एखादा सिनेमा कॉपी करताना सेकंदाला शंभर एमबी सहज देते.

तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये एकाच हमालाला पाठवून एका लॉटचे पंचवीस बॉक्स काढायला सांगितले तर तो ते भराभर काढून देईल. त्यालाच पंचवीस वेगवेगळ्या लॉटमधला एकेक बॉक्स, तोही वेगवेगळ्या मजल्यांवरून आणायला सांगितला, तर त्याचा सगळा दिवस जिने चढण्या-उतरण्यात जाईल. सुरू होणारी विंडोज दुसऱ्या प्रकारची गिऱ्हाईक आहे. तिला छोट्या छोट्या हजारो फायलींचे तुकडे हवे असतात, आणि ते डिस्कभर विखुरलेले असतात. समजा दहा हजार वेगळ्या जागा वाचायच्या आहेत. १६ मिलिसेकंदांच्या हिशेबाने १६० सेकंद झाले, म्हणजे अडीच मिनिटांच्या वर. प्रत्यक्षात विंडोज बरीच हुशारी करते. मागच्या वेळी काय काय लागलं याची टिपणं ठेवून आधीच ओळीने वाचायला घेते, आठवड्याला स्वतःहून फायलींची मांडणी सुधारते. पण तबकडीच्या वेगापुढे कुणाचं चालत नाही.

या वेगाचा इतिहास मला फार बोलका वाटतो. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली व्यापारी हार्ड डिस्क विकायला काढली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढा आकार, आणि क्षमता आजच्या हिशेबात जेमतेम पावणेचार एमबी. मोबाइलवरचा एक फोटो. हव्या त्या जागेवर पोचायला तिला सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास लागत. आज एक टीबीची डिस्क त्यापेक्षा अडीच लाख पटींहून जास्त माल साठवते, पण पोचायला लागणारा वेळ जेमतेम चाळीस पटींनी घटला. गोदाम अवाढव्य झालं, दांडा मात्र सरकता दांडाच राहिला. आणि या सत्तरेक वर्षांत विंडोजसारख्या प्रणालींची भूक गोदामाच्या मापाने वाढली.

हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या एसएसडीत तबकडी नाही, दांडा नाही. मजकूर चिपमध्ये असतो आणि कुठलाही तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात मिळतो. वरचे दहा हजार तुकडे आता एका सेकंदाचं काम. म्हणून आठ-दहा वर्षांच्या मशीनवर खर्च करायला एकच पैसा असेल तर तो इथे करावा असं माझं ठाम मत आहे. प्रोसेसर बदलू नये, कॅबिनेट बदलू नये, साधी साटा जोडणीची २४०-२५६ जीबीची नामांकित एसएसडी घ्यावी. मदरबोर्ड फार जुना असेल आणि जोडणी सेकंदाला तीन गिगाबिटचीच असेल, तरी बिघडत नाही. खोक्यावर छापलेला पाचशे-साडेपाचशे एमबीचा वेग सिनेमा कॉपी करण्याचा आहे. आपल्याला कामाला येतो तो छोट्या तुकड्यांचा वेग, आणि तो जुन्या जोडणीवरही मिळतो.

बसवायचं काम बघताना लोकांना आश्चर्य वाटतं. कॅबिनेटचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं की जुन्या डिस्कला दोन वायरी दिसतात : एक रुंद वीजपुरवठ्याची, एक अरुंद मजकुराची. एसएसडीलाही त्याच दोन लागतात. तिचा आकार खिशातल्या डायरीएवढा, वजन नावापुरतं. कॅबिनेटमध्ये तिच्या मापाची जागा नसेल तर मेकॅनिक एकाच स्क्रूवर अडकवतो किंवा चक्क दुहेरी चिकटपट्टीने आतल्या पत्र्याला चिकटवतो. आत हलणारं काही नसल्यामुळे चालूनही जातं. जुन्या डिस्कवरची विंडोज, टॅली, टोकन, सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवता येतं, त्याला क्लोन करणं म्हणतात. म्हणजे इथेही फॉरमॅटची सक्ती नाही. जुनी डिस्क नंतर फायली ठेवायला त्याच मशीनमध्ये राहू द्यावी.

मात्र जुनी डिस्क खराब व्हायला लागली असेल तर आधी तिच्यावरचा मजकूर वाचवायचा, बाकी सगळं नंतर. ओळखायचं कसं? मशीन सुरू होताना कॅबिनेटवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबून एकसारखा पेटून राहतो, माउस गोठतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे शंभर टक्के दिसतं आणि वाचनाचा वेग मात्र शून्याच्या आसपास. डिस्क एकाच खराब जागेवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असते, आणि एकेका जागेपायी कित्येक सेकंद घालवते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, स्मार्ट नावाने. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम ती नोंद वाचून निळा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतो. पिवळा दिसला की त्याच दिवशी अडतीच्या हिशेबपट्ट्या, खातेवही, अर्जांच्या प्रती दुसरीकडे घ्याव्यात. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे तिच्याकडून उरलंसुरलं काम करून घेऊन तिला संपवणं, आणि त्याचे पैसेही मोजणं. एसएसडीही अमरपट्टा घेऊन येत नाही. ती गेली तर खडखड न करता, न सांगता जाते, तेव्हा दुसरी प्रत हवीच.

याच टप्प्यात विजेचं प्रकरण येतं. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत आपल्याकडे संगणकाबरोबर यूपीएस घ्यायची पद्धत पडली. भारनियमन ओसरलं, यूपीएस राहिले, आणि त्यांच्या आतली बारा व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते हे मात्र बहुतेकांच्या गावी नसतं. आता तो यूपीएस म्हणजे एक महागडा एक्स्टेंशन बोर्ड. लाइटीने डोळा मिचकावला की मशीन पडतं, अर्धवट लिहिलेल्या फायलींमुळे पुढच्या वेळी डिस्कची तपासणी सुरू होते, टक्केवारी मुंगीच्या पावलाने पुढे जाते आणि बाकड्यावरची माणसं विचारतात, सर्व्हर गेला का. कामाची फाइल आधी बंद करून, मग यूपीएसचा प्लग काढून, मशीन किती वेळ तग धरतं हे एकदा बघून ठेवावं. दोन मिनिटंही धरत नसेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, एक सोय आली आहे : फास्ट स्टार्टअप. ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोज आपला गाभा पुसून टाकत नाही, तो डिस्कवर एका फाइलमध्ये जसाच्या तसा ठेवते आणि सकाळी तिथून उचलते. फिरत्या डिस्कवर याने चांगला वेळ वाचतो, कारण विखुरलेल्या हजारो फायलींऐवजी एकच सलग फाइल वाचायची असते. पण याचा अर्थ रोज संध्याकाळी इमानेइतबारे बंद केलेलं मशीन खऱ्या अर्थाने बंद झालेलंच नसतं. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर प्रोसेसरखाली ‘अप टाइम’ असतो. तिथे वीस दिवस दिसले की मालक चक्रावतो. काहीतरी अडकलंय असं वाटलं तर ‘शट डाऊन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करावं. रीस्टार्टमध्ये गाभाही नव्याने सुरू होतो.

तिसऱ्या टप्प्यात, पासवर्ड टाकल्यानंतर, दोष बहुतेक वेळा आपण स्वतः बसवलेल्या मंडळींचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘स्टार्टअप’ पान. एखाद्या सेवा केंद्राच्या मशीनवर हे पान उघडून बघावं. दोन प्रिंटरचे शाईमापक, त्यातला एक प्रिंटर कधीच भंगारात गेलेला. व्हिडिओ कॉलचे दोन प्रोग्रॅम. ढगात फायली ठेवणाऱ्या दोन सेवा. गाणी वाजवणारा एक, जो कुणी कधी उघडलेला नाही. प्रत्येकापुढे ‘इम्पॅक्ट’ म्हणून हाय, मीडियम, लो लिहिलेलं असतं. ही मोघम शेरेबाजी नाही. सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कचं तीन एमबीहून जास्त काम खाल्लं तर विंडोज त्याला ‘हाय’ म्हणते. नको ते ‘डिसेबल’ करायचं. त्याने प्रोग्रॅम काढला जात नाही, हाक मारेपर्यंत झोपून राहतो, एवढंच.

अंगठ्याच्या मशीनची सर्व्हिस आणि डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्रॅम मात्र सेवा केंद्रात राहू द्यावा. यूट्यूबवरचा सल्ला ऐकून सगळंच बंद केलं की दुसऱ्या दिवशी आधारची पडताळणी अडते. अँटिव्हायरसचं जरा सविस्तर सांगायला हवं. तो सुरुवातीलाच का उठतो, याचं मूळ मशीन सुरू होण्याच्याच प्रक्रियेत आहे. आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस, ‘ब्रेन’, १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला, आणि तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत जाऊन बसायचा. ज्यांनी एमएस-सीआयटी फ्लॉपीच्या काळात केली, त्यांना सकाळी लॅबमध्ये कुणाची तरी विसरलेली फ्लॉपी मशीनमध्ये राहून पडद्यावर ‘नॉन सिस्टिम डिस्क’ची ओळ आलेली आठवत असेल. असले व्हायरस नेमके अशाच विसरलेल्या फ्लॉपीतून पसरत. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच फार, हे बघून धाकटे भाऊ संजय यांनी तो काढायचे प्रोग्रॅम लिहायला घेतले, आणि १९९० च्या दशकात त्यातूनच क्विक हील उभी राहिली. सगळ्यांच्या आधी उठून पहारा द्यायचा, हा अँटिव्हायरसचा स्वभाव त्या काळचा आहे. एक पहारेकरी ठेवावा. दोन ठेवले तर प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते आणि दोघेही एकमेकांवर संशय घेतात. मुदत संपलेला, दर सकाळी नूतनीकरणाची पाटी दाखवणारा अँटिव्हायरस तर ठेवूच नये. तो काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो.

पासवर्ड लवकर आला, स्टार्टअपची यादीही आटोपशीर आहे, तरीही ब्राउझर उघडायला मिनिट लागतं? मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघावा. काहीच उघडलं नसताना चार जीबीपैकी तीन वापरात दिसत असतील तर मेमरी अपुरी आहे. विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकते आणि तिथून उचलते, आणि डिस्क फिरती असेल तर वर सांगितलेली सगळी रडकथा पुन्हा सुरू. आणखी चार जीबीची पट्टी टाकल्यावर फरक पडतो. जुन्या मशीनची रॅम जुन्याच प्रकारची, डीडीआर ३ वगैरे लागते, तेव्हा आतली पट्टी काढून दुकानात सोबत न्यावी.

उन्हाळ्यातला मंदपणा वेगळा. मार्च-एप्रिलमध्ये बेदाण्याचा हंगाम आणि चाळिशीचं तापमान एकदमच येतात. कॅबिनेट जमिनीवर, रोजचा झाडू त्याच्या तोंडाशी. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने जाम झाला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतो. अशा मशीनला ब्लोअर मारावा आणि टेबलावर घ्यावं.

मोबाइलवरच्या व्हिडिओंतले दोन उपाय मात्र तडकाफडकी सोडून द्यावेत. एक, ‘एमएसकॉन्फिग’मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या चार किंवा आठ करायची. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरते. ती खूण प्रयोगासाठी संख्या कमी करायला दिली आहे, वाढवायला नाही. दुसरा, रजिस्ट्री साफ करणारे ‘क्लीनर’. मायक्रोसॉफ्ट स्वतः त्यांची शिफारस करत नाही. त्यांच्यामुळे सुरू होण्याच्या वेळात फरक पडत नाही, उलट ते स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात. तीच गत फॉरमॅट मारताना टाकलेल्या चोरट्या विंडोजची. तिला खरी भासवणारं जे काही मागे चालू ठेवलेलं असतं, त्याचं ओझं आणि धोका दोन्ही रोजचे.

ज्याला एवढ्यावर समाधान नाही, त्याने विंडोजच्याच ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ची नोंदवही उघडावी. तिथे क्रमांक १०० ची प्रत्येक नोंद म्हणजे एकेका वेळच्या सुरुवातीचा जमाखर्च : सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागले, पैकी डेस्कटॉप दिसेपर्यंत किती आणि नंतरच्या गर्दीला किती. पुढच्या क्रमांकांच्या नोंदींत उशीर करणाऱ्याचं नावसुद्धा असतं. मेकॅनिककडे मशीन नेताना हा आकडा लिहून न्यावा, आणि परत आणल्यावर पुन्हा बघावा. काम झालं की नाही हे मग कुणाच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागत नाही.

राहिला प्रश्न विंडोज १० चा. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक मशीनं तिच्या यादीत नाहीत. एसएसडी टाकून तरणंताठं झालेलं दहा वर्षांचं मशीन अशा वेळी विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर नेण्याचा विचार जरूर करावा. सी-डॅकचं ‘बॉस’ आहे, मिंट आहे, दोन्ही फुकट आणि मराठी दाखवणारी. शाळेला, घरच्या वापराला, टपाल-टिपणांना ती पुरतात. सेवा केंद्राची गोष्ट वेगळी. तिथल्या अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर, टोकन, शासकीय छपाईचे प्रोग्रॅम बहुतेक विंडोजवर बेतलेले असतात. तेव्हा लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून, डिस्कला न शिवता सुरू करून बघावं, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन लावून एक खरा अर्ज शेवटपर्यंत नेऊन पाहावा, आणि तो पोचपावतीपर्यंत गेला तरच पुढचं ठरवावं.